मान उघडी असताना सांगितलेली गोष्ट

माझ्या डाव्या डोळ्यावर पडदा पडला तेव्हा मी सगळ्यात आधी पडदा ओढणाऱ्यावर ओरडलो.

चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सवाच्या नाटकाची तालीम चालू होती. नाटक मंडळातल्याच एका बाईंनी लिहिलेलं. त्यात मी निवृत्त न्यायाधीश. तिसऱ्या अंकात न्यायाधीश कबूल करतो, की ज्याला त्याने जन्मठेप दिली तो माणूस निर्दोष होता. मी खुर्चीतून उठलो, हात वर केला, आणि डावीकडून वरून खाली काळंकुट्ट काहीतरी सरकत आलं. अर्धं सभागृह गायब.

"अहो, अंक संपायचाय अजून!" मी गरजलो. "दोरी सोडा!"

आमच्या पडद्याची दोरी एक निवृत्त बँक मॅनेजर सांभाळतात. बँकेच्या तिजोरीची किल्ली सांभाळली तशीच. ते वीस फुटांवर टम्ब्लरमधली कॉफी ओतत होते. "मी दोरीला हातच लावला नाहीये," ते दुखावून म्हणाले.

मी उजवा डोळा मिटला. अंधार. डावा मिटला, तर सगळं लख्ख. दोन-तीन मिनिटांत काळोख आपणहून वर सरकला. मी मॅनेजरांची माफी मागितली, अंक पुरा केला, टाळ्या घेतल्या. तालमीत टाळ्या वाजवणारे तिघेच असतात, पण मी तिघांच्याही घेतो.

घरी जेवताना हा किस्सा बायकोला सांगितला. तिने रसमची पळी खाली ठेवली.

"पुन्हा सांगा."

तीस वर्षांच्या संसारात तिने माझा किस्सा पुन्हा मागितल्याचा हा पहिला प्रसंग. मी उभा राहून साभिनय सांगितला. मॅनेजरांचा आवाजही काढला. ती हसली नाही. ती शाळेत गणित शिकवते. उत्तर चुकलेल्या मुलाकडे बघते तशी माझ्याकडे बघत होती.

"उद्या सकाळी डॉक्टर," ती म्हणाली. "कारखान्यात फोन मी करते."

मी रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहे. ब्रेकचे पाइप, नळ, दारांच्या कड्या, सगळं बघून 'पास' किंवा 'नापास' लिहायचं, हा माझा धंदा. दुसऱ्या दिवशी मात्र तपासणी माझी झाली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळा ठीक आहे, मानेकडे बघा. मानेवर गार जेली लावून यंत्र फिरवलं, तेव्हा माझंच रक्त मला ऐकू आलं. उजवीकडे शूप-शूप. डावीकडे मात्र चिंचोळ्या नळातून निघावी तशी शिट्टी. माझ्या कारखान्यात असा पाइप आला असता तर मी लाल खडूने फुली मारली असती.

रक्तवाहिन्यांच्या सर्जन म्हणजे एक बुटक्या, झपझप बोलणाऱ्या तमिळ बाई होत्या. त्यांनी कागदावर मान काढली आणि मानेतून मेंदूकडे जाणारी शीर काढली. ती जिथे दुभंगते तिथे रेघा मारून सांगितलं, "इथे चरबी आणि चुना साचलाय, सार. पाऊण वाट बंद. त्यातला एक कण सुटला आणि डोळ्याकडे गेला. तो विरघळला, म्हणून तुम्ही हे सांगायला आलात. पुढचा कण मेंदूकडे गेला तर?"

"तर?"

"डाव्या बाजूला बोलण्याचं केंद्र असतं."

मी एरवी हजरजबाबी माणूस. त्या वेळी मी नुसती जीभ दातांवरून फिरवून बघितली.

गोळ्या तर जन्मभर घ्यायच्याच होत्या, पण बाईंच्या मते नुसत्या गोळ्यांवर थांबण्यात धोका होता. जांघेतून तार घालून जाळी बसवण्याचाही एक मार्ग असतो. मात्र माझ्या शिरेची वळणं आणि तो ठिसूळ थर बघता त्यांना शीर उघडून साफ करणंच बरं वाटत होतं. आणि तेही लवकर. पहिल्या लक्षणानंतरचे थोडे दिवसच सगळ्यात वाईट असतात, तेव्हाच ऑपरेशनचा फायदाही सगळ्यात जास्त, असं त्यांचं म्हणणं.

"नाटक सहा आठवड्यांवर आहे," मी म्हणालो. "त्यानंतर केलं तर?"

बायकोने माझ्याकडे न बघता सर्जनबाईंना विचारलं, "तुमच्या स्वतःच्या हातून अशी किती झाली? आणि त्यातली किती बिघडली?"

मला वाटलं, आता बाई आम्हाला हाकलणार. उलट त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आकडे सांगितले. ते इथे लिहीत नाही. ते त्यांच्या हातांचे आकडे आहेत, तुमच्या डॉक्टरांचे तुम्ही विचारा. पण बिघडलेले आकडे सांगताना त्या खाली बघत नव्हत्या, एवढं लिहितो. ज्या ऑपरेशनने पक्षाघाताचा झटका टळायचा, तोच झटका कधीकधी त्या ऑपरेशनमध्येच येतो. क्वचित हृदय दगा देतं. क्वचित माणूस जातो.

"एकाची वाचा गेली," त्या म्हणाल्या. "दरवर्षी तपासायला येतो. माझ्याबद्दल त्याला काय वाटतं ते त्याला सांगता येत नाही."

मग त्यांनी स्वतःच्याच गळ्यावर बोट फिरवलं. ही आवाजाची नस, ही जिभेची, ही ओठाच्या कोपऱ्याची. या नसा त्या शिरेला खेटून जातात. काम करताना ओढल्या गेल्या की आवाज बसतो, जीभ वाकडी होते. बहुतेकांचं काही आठवड्यांत, काही महिन्यांत ठीक होतं.

"बहुतेकांचं," बायको म्हणाली.

"बहुतेकांचंच," सर्जनबाई म्हणाल्या. "सगळ्यांचं नाही."

म्हणजे हिशेब असा. काही केलं नाही तर एखाद्या दुपारी, काही कळायच्या आत, मी कायमचा मुका होण्याची शक्यता. केलं तर त्याहून बरीच लहान शक्यता, पण ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, माझ्या सहीनिशी. आम्ही गाडीत बसून घरी निघालो. सिग्नलला बायको म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

"आवाज बसला तर घोगरा न्यायाधीश करीन," मी म्हणालो. "मुका न्यायाधीश नाटकात लिहिलेला नाही. करून टाकू."

एकदा ठरलं की मी मागे वळून बघत नाही. बघितलं तर दिसेल, ही भीती असते.

आता खरी गंमत. हे ऑपरेशन त्या हॉस्पिटलात पेशंटला जागं ठेवून करतात. मान तेवढी बधिर करायची. शिरेला चिमटे लावून रक्त थांबवलं, की मेंदूचा तो भाग दुसऱ्या बाजूच्या रक्तावर तगतो की नाही, हे बघायचं. कसं? पेशंटला बोलतं ठेवून. आणि उजव्या हातात रबरी बदक द्यायचं. सांगितलं की दाबायचं. बदक 'कुईं' बोललं म्हणजे हात चालतो. माणूस बोलला म्हणजे वाचा चालते. दोन्हीपैकी एक थांबलं, तर लगेच आतून तात्पुरती नळी टाकून रक्त चालू करायचं. त्यालाही स्वतःचा धोका असतो, म्हणून गरज असेल तरच.

मला जन्मभर सगळ्यांनी गप्प बस म्हणून सांगितलं. इथे मोठमोठे डॉक्टर हात जोडून म्हणत होते, बोला!

अडचण एकच होती. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ मला तपासायला आले आणि तमिळमध्ये बोलायला लागले. मीही तमिळमध्ये उत्तरं दिली. सव्वीस वर्षं इथे राहून माझं तमिळ असं आहे, की भाजीवाली मला हिंदीत उत्तर देते. भूलतज्ज्ञ चिंतेत पडले. "हे असं बोलणं आजाराने झालंय, की आधीपासून?"

"आधीपासून," बायको म्हणाली.

"मग उद्या बिघडलं तर मला कळणार कसं?"

तेव्हा सलाइन लावणारी सिस्टर मागे वळून म्हणाली, "मला कळेल. अम्ही घरीं मराठीच बोलतों."

ती तंजावरकडच्या मराठी घरातली. तीनशे वर्षांपूर्वी तिचे पूर्वज इकडे आले आणि भाषा तशीच जपून बसले. वर तमिळचा हेल. आमच्या मंडळात तंजावरचं मराठी हा माझा हुकमी नकलेचा विषय. दर कोजागिरीला मी त्यावर हशा वसूल करत असे. आता माझा मेंदू शाबूत आहे की नाही, हे त्याच मराठीत ठरणार होतं. मी मनातल्या मनात एक नक्कल कार्यक्रमातून कमी केली.

दुसऱ्या दिवशी तोंडावर हिरवं कापड, त्याखाली डोकावणारी सिस्टर आणि हातात बदक. मानेत कोणीतरी खोल दाबत होतं. दुखत नव्हतं, पण शेजारच्या खोलीत सुतारकाम चालावं तसं सगळं कळत होतं. सर्जनबाई म्हणाल्या, "चिमटा लावतेय. पेसुंगो सार, पेसुंगो." बोला, बोला.

मी माझा ठेवणीतला किस्सा काढला. नोकरीच्या पहिल्या वर्षी नव्या डब्यातल्या संडासाची कडी तपासायला मी आत गेलो आणि कडी अडकली. ओरडलो, पण बाहेर कारखान्याचे हातोडे. तेवढ्यात डब्याला इंजिन लागलं आणि डबा चाचणीला निघाला.

"पुढें काय झालें?" सिस्टर म्हणाली.

"कुईं," बदक म्हणालं.

पेरांबूर स्टेशन गेलं, आवडी स्टेशन गेलं. मी कमोडवर बसून नोकरी गेली म्हणून रडतोय. अरक्कोणमला डबा थांबला. बाहेर बुटांचे आवाज. पुष्कळ बूट. कोणीतरी कडी ठोकून सोडवली. दार उघडलं, आणि समोर कोण उभं होतं...

इथे मी थांबतो. पंचवीस वर्षं इथेच थांबतोय. तीन आकडे मोजायचे, श्रोत्यांकडे बघायचं, मग बोलायचं. ती सवय हाडात मुरलेली. मान उघडी असली म्हणून जाते थोडीच? मी थांबलो. सिस्टरकडे बघितलं. एक. दोन.

"सार?" भूलतज्ज्ञ ओरडले. "सार! पेसुंगो!"

सिस्टरचे डोळे मोठे झाले. सर्जनबाईंचा आवाज एकदम थंड झाला, "नळी द्या." काहीतरी खणखणलं.

तेव्हा मला उमगलं, की हा माझ्या आयुष्यातला सर्वांत परिणामकारक विराम आहे. मी घाबरून बदक असं दाबलं की ते तीनदा किंचाळलं, आणि ओरडलो, "जनरल मॅनेजर! जनरल मॅनेजर उभे होते, पाहुण्यांना डबा दाखवायला! आणि मी सलाम ठोकून म्हणालो, सर, कडी पास!"

कोणीच हसलं नाही. मग सर्जनबाईंनी मोठा श्वास सोडला.

"काय म्हणाले हे, सिस्टर?"

सिस्टरने तमिळमध्ये सगळा किस्सा सांगितला. माझ्यापेक्षा बरा सांगितला. चिमट्याच्या पलीकडून हसल्याचा आवाज आला.

"सार," सर्जनबाई म्हणाल्या, "सस्पेन्स वेण्डाम, सस्पेन्स नको. पुढचा किस्सा सरळ सांगायचा."

सरळ सांगितला. तासभर. शीर साफ झाली, शिवली, रक्त सुटलं. मग एक दिवस अतिदक्षता विभागात रक्तदाबावर पहारा. कारण इतके दिवस उपाशी असलेल्या मेंदूला एकदम पोटभर रक्त मिळालं तरी बाधतं. वाचा शाबूत राहिली. आवाज मात्र गेला. पहिलं वाक्य बोललो ते फाटक्या भात्याच्या पेटीसारखं आलं. जीभ बाहेर काढली की डावीकडे वळायची. सर्जनबाईंनी काहीही लपवलं नाही. "नस ओढली गेली. तुटलेली नाही. वाट बघा."

वाट बघणं मला जमत नाही. मी रोज सकाळी गच्चीवर जाऊन घसा कमावू लागलो. कावळे पळाले, शेजारी तक्रार करून थकले. मंडळाने दुसरा न्यायाधीश शोधला होता. मी म्हटलं, हा न्यायाधीश जन्मभर वकिलांवर ओरडलाय, त्याचा आवाज घोगराच हवा. भूमिका मला परत मिळाली. नाटकाच्या दिवसापर्यंत बारा आणे आवाज परत आला. उरलेले चार आणे आजही आलेले नाहीत. गोळ्या चालू आहेत, आणि उजवी शीरही थोडी बुजलीय म्हणून ठराविक महिन्यांनी जेली लावून तपासून घेतो.

पण घरात एक बदल झाला. सर्जनबाईंनी नंतर बायकोला त्या विरामाची आणि बदकाची हकीकत सांगून ते बदक तिच्या हवाली केलं होतं. तेव्हापासून मी बोलता बोलता थांबलो, की ती स्वयंपाकघरातून धावत येते. एकदा मी नुसता दाताच्या डॉक्टरचं नाव आठवत होतो. तर ती पोळीचं लाटणं घेऊन समोर. "बोला! काहीतरी बोला!" मी 'पळीपंचपात्र' म्हणालो, तेव्हा ती खाली बसली.

मी विराम घेणं सोडलं. किस्से सपाट झाले. पण नाटकात तो विराम लिहिलेलाच होता. न्यायाधीश म्हणतो, "होय." मग थांबतो. मग म्हणतो, "तो निर्दोष होता." त्या थांबण्यातच सगळं नाटक आहे, तिथे घाई केली तर न्यायाधीशाने पत्त्यातली लबाडी कबूल केल्यासारखं वाटतं.

प्रयोगाच्या दिवशी बायको तिसऱ्या रांगेत होती. मी "होय" म्हणालो आणि थांबलो. सभागृह स्तब्ध. एक. दोन. अंधारात तिसऱ्या रांगेत कोणीतरी उठून उभं राहिलं.

न्यायाधीशाच्या कोटाच्या खिशात माझा उजवा हात होता. मी दाबलं.

कुईं.

पहिल्या रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं. विंगेत मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. तिसऱ्या रांगेतली बाई खाली बसली.

मग मी तिसरा आकडा पुरा मोजला, आणि माझ्या बारा आणे आवाजात म्हणालो, "तो निर्दोष होता."