उंच्याचा शर्ट

दस्तगीरमामा गेल्याचा मेसेज मला एक दिवस उशिरा मिळाला. माझी बदली आता डोंगरात आहे आणि इथं मोबाइलला रेंज येते ती टेकाडावरच्या एका दगडापाशीच. पायमोजे वाळत घालून मी त्या दगडावर जाऊन उभा राहिलो, तर शिरूरहून अल्ताफचा, म्हणजे मामांच्या मुलाचा, मेसेज येऊन पडलेला. 'अब्बा गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. माती झाली.' मी खाली आलो आणि वाळत घातलेले मोजे काढून परत ओले केले, पिळले, परत वाळत घातले. शेजारच्या खाटेवरचा पोरगा म्हणाला, "अरे, सूख गये थे ना?" त्याला काय सांगणार... हात कापायला लागले की ओले करायचे, हे मला मामांनी शिकवलं होतं.

मी खुटबावचा. शाळा आठवीनंतर सोडली. घरच्यांनी सोडवली असं नाही, मलाच वर्गात बसलं की छातीत धडधडायचं, उभं राहून वाचायला सांगितलं की घाम फुटायचा. थोडे दिवस केडगावला एका गॅरेजात होतो. मग आठवी पासवर सैन्यात मेसच्या कामाला भरती निघाली, पळण्यात पास झालो आणि गेलो. आई म्हणाली होती, "तू? फटाका वाजला तर कोपऱ्यात जातोस की रं!" खरंच होतं ते. पण स्वयंपाकघरात कुठं गोळ्या येतात, असं मी तिला आणि स्वतःला समजावलं.

आणि मग लढाईचे ते दिवस आले. कुठली जागा ते सांगत नाही, सांगायचं नसतं. रेताड मुलूख होता, एवढंच. लढाऊ विमानांचा तळ आमच्यापासून बराच लांब होता. आम्हाला नेलं ते त्याच्या नकलेवर. नक्कल म्हणजे अगदी तंतोतंत. प्लायवूड आणि ताडपत्रीची विमानं, राखाडी रंग दिलेली. रोलर फिरवून केलेली धावपट्टी. आणि तिच्या कडेला तंबूंच्या रांगा, ज्यात कुणी राहत नव्हतं. वरून शत्रूचं ड्रोन बघणार, त्याला हाच खरा तळ वाटला पाहिजे, बॉम्ब टाकायचे तर त्यानं इथं टाकले पाहिजेत. हे कुणी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं नव्हतं. सुभेदारसाहेब म्हणाले होते, "जगह आबाद दिखनी चाहिए." पहिल्याच सकाळी माझ्या ध्यानात आलं की आम्हाला का आणलंय, आणि मी पाण्याच्या टाकीमागं जाऊन ओकलो.

तिथं एक बुटका, पिकल्या मिशांचा माणूस बादलीत शर्ट बुचकळत बसला होता. वर न बघताच त्यानं विचारलं, "गाव कुठलं?"

"खुटबाव. दौंड तालुका."

"आरं तिच्या! मी शिरूरचा. घोडनदीचा. म्हंजी भीमा आडवी आहे म्हणून, न्हाईतर शेजारीच." मग त्यानं माझं तोंड बघितलं. "दौंडची माणसं ऊस खाऊन गोड होत न्हाईत, नुसती चिकट व्हत्यात, असं ऐकलं होतं. तू तर पारच पातळ झालास की."

मला त्या अवस्थेतही हसू आलं. "आन् शिरूरवाले कसे असतात?"

"बाजरीवाले. कोरडे. घे, ही बादली धर. हात ओले कर. ओल्या हातानं माणूस घाबरत न्हाई."

खरं की खोटं, मला आजही माहीत नाही. पण त्या दिवसापासून तिथून निघेपर्यंत माझे हात बहुतेक वेळ ओलेच होते.

मामांचा ट्रेड धोब्याचा. निवृत्तीला थोडेच दिवस उरलेले. त्या खोट्या तळावर त्यांचं काम होतं रिकाम्या तंबूंबाहेर साठ्यातले जुने कपडे वाळत घालणं, आणि माझं काम रिकाम्या तंबूंत चुली पेटवणं, कारण वरून म्हणे उष्णतासुद्धा दिसते. सकाळी आणि दिवेलागणीला मी तंबूतंबूत जाऊन पातेल्यात नुसतं पाणी उकळायचो. एक ड्रायव्हर रिकामा ट्रक घेऊन धावपट्टीच्या कडेनं गोल गोल फिरायचा, मध्येच थांबून हॉर्न द्यायचा. कुणाला द्यायचा कोण जाणे! आम्ही अगदी थोडी माणसं आणि एवढा मोठा गलबला करायचा. वारा पडला की ताडपत्र्या फडफडायच्या थांबायच्या, आणि त्या शांततेत पातेल्यांतलं पाणी तेवढं सगळीकडून रटरटत असायचं.

मामा रोज सगळे कपडे उतरवायचे आणि परत धुवायचे. मी म्हणालो, "मामा, कुणी घातलेच न्हाईत, मग धुताय कशाला? नुसतं पाणी मारा की."

"तेच तेच कपडे तसेच लोंबत ऱ्हायले, तर वरचा म्हणंल हितं सगळे मेलेत." मग एकेक शर्ट दाखवत ते बोलायला लागले. "ह्यो पोट्या. बटनावर ताण येतो ह्याच्या. ह्यो डावरा, डावी बाही घासलेली बघ. आन् ह्यो उंच्या. बाह्या बघ कसल्या लांब! ह्याला खाटंवर पाय दुमडून झोपावं लागत असंल."

एकेका तंबूला त्यांनी एकेक माणूस देऊन टाकला होता. मग मलाही ती सवय लागली. चूल पेटवताना मी म्हणायचो, उठा पोट्यासाहेब, पाणी ठेवलंय. डावऱ्याच्या तंबूत पातेल्याचा दांडा डावीकडं करून ठेवायचो. भीतीनं असेल किंवा एकटेपणानं, पण तेवढ्या तंबूंत आपण एकटेच नाही असं वाटलं की मला श्वास घेता यायचा. बाहेरून येताना एकदा मी उंच्याच्या तंबूपाशी घसा खाकरून आत गेलो, तेव्हा मामा दोरीपाशी उभे राहून बघत होते. हसले नाहीत.

मग एक दिवस उतरवलेले कपडे बादलीत टाकताना मला दिसलं की कॉलरी मळल्यात. धुळीचा मळ वेगळा, तो सगळीकडं बसतो. हा मळ गळ्याशी होता, काळपट, तेलकट, माणसाच्या मानेचा. मी बादली टाकून मामांकडं पळालो.

"एवढा का पांढरा पडलास?" मामा म्हणाले. "मीच घालतो ते. रोज एकेक. दिवसभर माणसानं घातल्याबिगर कपड्याला आकार येत न्हाई. नुस्तं धुतलेलं कापड पतंगावानी उडतं, त्यात माणूस दिसत न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणालो, "उंच्याचा घालून तुम्ही कसे दिसत असाल हो मामा! गुडघ्यापर्यंत येत असंल."

मामा थांबले. हातातला साबण त्यांनी खाली ठेवला. "उंच्याचा मी न्हाई घालत. बाह्या हातावर येतात, काम करता येत न्हाई. मला वाटलं, तो तू घालतोस."

मी मान हलवली. आम्ही दोघांनी बादलीतून तो शर्ट काढला आणि कॉलर उलटून बघितली. सगळ्यांत जास्त मळकी तीच होती.

"वाळूचं असंल," मामा म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो. पण मामांनी त्या कॉलरला साबण लावला तो फार हळू, कुणाच्या तरी मानेला लावावा तसा.

तो दिवस उजाडला तोही नेहमीसारखाच. दिवेलागणीला मी काडेपेटी घेऊन निघालो. सुरुवात नेहमी उंच्याच्या तंबूपासून. वाटेत टाकीपाशी मामा होते, त्यांच्यासमोर भिजवलेलं मोठं घोंगडं.

"ए दौंड, हिकडं ये. पिळू लाग."

"चूल पेटवून येतो की मामा."

"चूल कुठं पळून चाललीय? मला एकट्याला पिळतंय का हे?"

घोंगडं एकट्यानं पिळता येत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची आणि उलट्या दिशांनी पीळ द्यायचा. नवशिक्यांची चूक ठरलेली, दोघंही एकाच दिशेला फिरवतात आणि घोंगडं नुसतंच दोघांमध्ये गरगरतं. त्या दिवशी माझं तेच झालं. मामा ओरडले, "आरं उलटं, उलटं! ऊसच गाळलाय ना जन्मभर?" मी हसत हात बदलला, पीळ बसला, पाण्याची धार लागली... आणि उंच्याचा तंबू होता त्या जागी उजेड झाला. आवाज मला नंतर ऐकू आल्यासारखा आठवतो. आम्ही दोघं जमिनीवर होतो आणि घोंगड्याची टोकं दोघांच्याही मुठीत तशीच होती.

मी उठलो ते खंदकाकडं पळायला हवं होतं. पण मी तंबूकडं पळालो, "उंच्या! ए उंच्या!" असं ओरडत. आणि मामा, एवढी नोकरी झालेला माणूस, मला अडवायचं सोडून माझ्या मागं बादली घेऊन, "आत हाय का रं? आवाज देतोय का?" आम्ही त्या जळत्या ताडपत्रीवर पाणी फेकत होतो. मागून सुभेदारसाहेबांनी आम्हाला कॉलरला धरून ओढलं. "अंदर कौन है?" ते विचारत होते. मी म्हणालो, "उंच्या." "कौन उंच्या?" तेव्हा कुठं मी मामांकडं बघितलं आणि मामांनी माझ्याकडं. साहेब रागावले नाहीत. त्यांनीही एकदा त्या आगीकडं नीट निरखून बघितलं.

तंबूसमोरची दोरी तुटली होती. उंच्याचा शर्ट थोड्या अंतरावर वाळूत सापडला, साधं भोकही न पडलेला. बाह्या दोन्ही बाजूंना पसरून पालथा पडला होता. मामांनी तो उचलला, झटकला नाही, तसाच घडी करून काखेत धरला.

मोहीम संपल्यावर तो सगळा कपडा मोडीत निघाला. मामांनी त्यातले थोडे शर्ट मागून घेतले आणि निवृत्त होऊन शिरूरला गेले. शुक्रवारी नमाज झाली की त्यांचा फोन यायचा. "हात ओले हायत का?" एवढंच विचारायचे, मी हो म्हणायचो. एकदा रजेवर आलो असताना मी भेटायला गेलो, तर गच्चीवरच्या दोरीवर ते शर्ट ओळीनं वाळत होते. मामा डोळा मारून म्हणाले, "शेजारी इचारत्यात, शेखसाहेब, ही एवढी पोरं तुम्हाला कवा झाली?" आम्ही खूप हसलो. मग त्यांनी उंच्याच्या शर्टाची बाही सरळ केली आणि आम्ही खाली चहाला गेलो. ती शेवटची भेट.

मामा गेल्यानंतर काही आठवड्यांनी रजा मिळाली. दौंडला उतरलो तो घरी न जाता आधी शिरूरला गेलो. मामी गच्चीवर होत्या. दोरीवर शर्ट होते, नुकतेच धुतल्यासारखे. मामी म्हणाल्या, "अल्ताफ म्हणतो, अम्मी आता बंद कर हे. लोक बोलत्यात. तूच सांग बाबा, काय करू?" मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "किती पोरं गेली रं तुमची तिथं? ह्यांनी कधी सांगितलं न्हाई. मी इचारलं की म्हणायचे, ती माझी माणसं हायत, एवढंच. नावं ठाऊक न्हाईत, म्हणून मी दर जुम्म्याला एकेका शर्टाकडं बघून फातेहा देते."

इतकी वर्षं ही बाई पोट्यासाठी, डावऱ्यासाठी दुवा मागत आली होती. गप्प बसणं सोपं होतं. पण उद्या अल्ताफनं ते शर्ट बोहारणीला दिले असते, तर मामी त्याला जन्मात माफ करणार नव्हत्या, आणि तेही खरं काय ते न कळता. सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

मी म्हणालो, "मामी, कुणी गेलं न्हाई. ह्या शर्टांत कुणी नव्हतंच." आणि सगळं सांगितलं. प्लायवूडची विमानं, रिकाम्या तंबूंतलं उकळतं पाणी, मामांनी दिलेली नावं, ते घोंगडं, तो उजेड. मामी कठड्याला टेकून ऐकत होत्या. रागावतील असं वाटलं होतं. त्या दोरीकडं वळल्या.

"म्हंजी ह्यांनी हाक मारली न्हाई, तर तू त्या तंबूत असतास."

"व्हय."

"आन् तू नव्हतास. ह्ये बी नव्हते."

"व्हय मामी."

"मग तुझ्या जागी तिथं कोण होतं?"

 

मामींनी उत्तराची वाट बघितली नाही. त्या एकेक शर्ट उतरवायला लागल्या. पोट्याचा, डावऱ्याचा, बाकीचे... घड्या करून माझ्या हातांवर ठेवत गेल्या. म्हणाल्या, ही लेकरं नव्हती तर शर्ट आता पेटीत राहू देत, अल्ताफलाही बरं वाटेल. शेवटी उंच्याच्या शर्टापाशी त्या थांबल्या. हात लावला आणि काढून घेतला.

"ह्यो राहू दे. वाळला न्हाई अजून."

शिरूरचं भर दुपारचं ऊन होतं. मी बाही चाचपली, कडक वाळलेली. पाठ चाचपली, तीही. कॉलर तेवढी ओलसर लागली, आणि माणसाच्या मानेसारखी किंचित कोमट.

कॉलर सगळ्यांत शेवटी वाळते, हे मला मामांनीच शिकवलंय. मी म्हणालो, "व्हय मामी, राहू दे."