कमरेच्या ताईताचा पंचनामा

आता काय सांगू तुम्हाला! तीस वर्षं लोकांची फजिती छापली, आज स्वतःची सांगतो. चहाचा घोट आधी गिळून घ्या.

दिल्लीच्या एका परिषदेचं आम्हा दोघा पत्रकारांना बोलावणं आलं होतं. जालन्याहून मी आणि परतूरचा देवीदास. माझ्या भाषणाचा विषय अंधश्रद्धा! का नसावा? गंडे-ताईत विकणाऱ्या बाबांवर मी अकरा लेख लिहिले होते. दोघा बाबांना तर गाव सोडावं लागलं होतं.

आणि खरं सांगू? त्या दिवशी माझ्याच कमरेला, करदोड्यात, तांब्याचा ताईत होता. विमानात पहिल्यांदाच बसत होतो हो! देवीदासला कळलं असतं, तर जिल्हाभर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

औरंगाबादच्या विमानतळावर जवानाचं यंत्र माझ्या कमरेपाशी आलं आणि कोकललं. जवान आपल्याकडचाच निघाला. हळूच म्हणाला, "काका, कमरेला काय हाये?"

"ती माझी खाजगी बाब आहे."

"मंग पडद्याआड चला. मी एकटाच ऱ्हाईन, कोनाला दिसनार न्हाई."

काय सोन्यासारखा माणूस! गुपचूप गेलो असतो तर दोन मिनिटांत सुटलो असतो. पण मी गप्प बसतो होय? प्रवाशाच्या खाजगीपणावर तिथंच भाषण ठोकलं. झडती म्हणजे काय मनमानी आहे? पंच पाहिजे, रीतसर पंचनामा पाहिजे, त्याची प्रत पाहिजे! रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मला आणखी चेव आला.

जवानानं साहेबांना बोलावलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पंच कोण, एवढंच विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मागून देवीदास पुढं आला. "मी हाये ना. आमच्या भाऊवर अन्याय झालेला मला बिलकुल खपनार न्हाई."

पडद्याआड मी सदरा वर केला. देवीदासनं ताईत पाहिला, मग मला पाहिलं. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

साहेबांनी लिहून घेतलं: तांब्याचा ताईत, नग एक. मग पेन थांबलं. "वस्तूचा उपयोग?"

"तेही लिहायचं?"

"रीतसर पाहिजे, असं तुम्हीच म्हणालात."

मी खाली बघून सांगितलं, "विमान पडू नये म्हणून."

साहेबांनी शब्द न् शब्द उतरवला. माझी सही झाली, पंचाची झाली. हक्काची प्रत मात्र मी मागितली नाही. देवीदासनं मागितली.