रुळाची खांदमळणी

कुरुंद्याच्या रस्त्याला चिकटपट्टीचा कारखाना निघाला तेव्हा आमचा तांडा पोटभर हसला. चिकटवायला इथं एवढं फाटलंय काय, म्हणे. हसणाऱ्यांना काय जातंय? बहात्तरच्या दुष्काळात आमचे दोन्ही बैल मेले होते. बा तिथं लोखंडी रूळ चालवायच्या कामाला लागला, मागोमाग मीही पट्ट्या गुंडाळायला जाऊ लागले.

कारखाना कसला, पत्र्याची शेड. टाकीत रबराचा चिकटा, त्याच्या वासानं डोकं उठायचं. कापड तापलेल्या लोखंडी रुळावरून चिकटा घेत पुढं जायचं, वाळलं की आम्ही बाया त्याच्या पट्ट्या कापून गुंडाळायचो. बा त्या रुळाशी बैलाशी बोलावं तसं बोलायचा. "चाल बापा, सरळ चाल." बाया फिदीफिदी हसायच्या अन् माझं डोकं फिरायचं.

मग दवाखान्यांच्या पट्ट्यांचं मोठं काम आलं. मालक म्हणाला, एवढा माल बराबर गेला तर कारखाना राहील, न्हाईतर कुलूप. पोळ्यालाही सुट्टी नव्हती.

आदल्या संध्याकाळी तांड्यावर खांदमळणी चालली होती. जो तो आपल्या बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळत होता. आमची दावण रिकामी. बा वाटी घेऊन कुठं गेला, ते मला तेव्हा कळलं नाही.

माल गेला तसा परत आला. पट्ट्यांच्या कडा धरतच नव्हत्या, पिवळ्या पडल्या होत्या. मालकानं सगळ्यांना उभं केलं. कुणी विचारायच्या आधीच बा पुढं झाला.

"मी लावलं, मालक. रुळाच्या दोन्ही टोकांना, खांद्याला लावतेत तसं. मधी बोट लावलं न्हाई. आवतन दिलं, उद्या जेवायला या म्हणलं."

रूळ तापला अन् तूप वितळून कापडावर उतरलं होतं. मालक रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खाली बसला. आठवड्यात शेडला कुलूप लागलं, अन् ज्या बायांची चूल त्यावर होती त्या आमच्या दारावरून तोंड फिरवून जाऊ लागल्या. त्यांचं तरी काय चुकलं? पण बापाकडं बघून माझं काळीज तुटायचं.

पुढल्या पोळ्याला चुलत्यानं नवी जोडी आणली. मोठ्या भावाचा मान म्हणून हळद-तुपाची वाटी बापुढं धरली. बानं दोन्ही हात धोतरात लपवले.

"तूच लाव," तो म्हणाला. "चांगली जनावरं हायेत. माझा हात नको."