बॉबिन पोर्चमध्येच भरायची

आमच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये कॅमेरा आहे. त्याचं चित्र थेट तमिळ मुलखात ह्यांच्या मोबाईलवर दिसतं. ह्यांचं तिकडं गलाईचं दुकान आहे, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. आमच्या विट्याच्या बाजूला घरटी एक गडी तरी या धंद्यापायी कुठल्या ना कुठल्या मुलखात असतोच, आणि चार पैसे झाले की गावाकडं बंगला बांधून त्याला कॅमेरा लावतो. आमचाही चोरांसाठी म्हणून लावलेला. चोर काही आला नाही, मग नजर राहिली ती माझ्यावर.

ज्या दिवशी मी माझी शिलाई मशीन मागच्या अडगळीतून ओढत पोर्चमध्ये आणली, त्या दिवशी ती भिंतीला लावून घाम पुसते न पुसते तोच फोन वाजला.

"पोर्चमदी काळं काय ठेवलंयस ते?"

"मशीन हाय."

"कसली मशीन?"

"वळखंना व्हय? तुमीच बॉबिन भरायचा की हिच्यावर."

ह्यांनी आवाज खाली केला. मग म्हणाले, "आत ने ती. लोकं बघत्याल."

"बघू द्यात की. म्हणून तर भाईर आणलीया."

आमच्याकडं बायका नवऱ्याला मालक म्हणतात. मी कधी म्हटलं नाही. दुकानाचे असतील मालक, माझे ते 'हे'. फोन ठेवला आणि मी पदर खोचून कामाला लागले.

मशीन माझ्या माहेरची, मलकापूरची. बापानं लग्नात रुखवताशेजारी मांडली होती, काळी कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, खाली लोखंडी पायडल. अडगळीत पडून पडून तिच्यावर बोटभर धूळ आणि उंदरांची घाण. पट्टा तर कुरतडून खाल्लेला. मी विट्याला जाऊन नवा पट्टा, सुया, तेलाची कुपी आणि दोऱ्याची रिळं आणली. जुन्या ब्रशनं तिच्या पोटातला गठ्ठा काढला, जिथं जिथं भोक दिसलं तिथं तेलाचा थेंब सोडला आणि चाक हातानं फिरवत बसले. आधी करकरली, मग कुरकुरली, मग एकदाची गप गुमान फिरायला लागली. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यात पाणी आलं. म्हटलं, बाई, तुझं आणि माझं सारखंच झालं होतं.

पट्टा चढवला, पायडल मारलं, आणि मशीन माझ्यासकट निघाली फाटकाकडं. पोर्चची फरशी ह्यांनी राजस्थानातून मागवलेली, आरशासारखी गुळगुळीत. तिच्यावर लोखंडी पाय कुठले टिकायला? मी पायडल मारायची आणि मशीन पुढं सरकायची. मी स्टूल ओढून तिच्या मागं. दारात उभ्या राहून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ते बघत होत्या.

"फरशीला चरं पडत्याल," त्या म्हणाल्या.

"पडू द्यात."

त्या आत गेल्या. वाटलं, आता ह्यांना फोन लावतात. पण गुडघे धरत धरत परत आल्या त्या खताचं रिकामं पोतं घेऊन. "हे घाल खाली. माणूस का मशीन, पाय रवल्याबिगर काम हुईत न्हाई." एवढं बोलून परत गेल्या. त्या माझ्या बाजूच्या झाल्या असं कुणी समजू नये. संध्याकाळी लेकाला त्यांनी सांगितलंच, तुझी बायको ऐकत न्हाई म्हणून.

मग बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची चकरी, भरायला घेतली. रीळ खुंटीवर चढवायचं, दोरा वरच्या कडीतून आणून बॉबिनला दोन-तीन वेढे हातानं द्यायचे, बॉबिन खटक्यावर बसवून खटका चाकाला टेकवायचा. आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं, चाकाच्या मधली गोल चकती सैल करायची, म्हणजे चाक फिरतं पण सुई जागची हलत नाही. दोरा चिमटीतून सोडायचा. जास्त ओढला तर तुटतो, मोकळा सोडला तर बॉबिन पोकळ भरते, आणि पोकळ बॉबिन कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचं जाळं करून ठेवते. पहिली माझी पोकळच भरली. हाताची सवय मोडली होती.

मशीन फिरतीय आणि सुईखाली कापड नाही, हे आत्याबाईंनी आतून आवाजावरून ओळखलं. "मोकळी मशीन फिरवू नगं गं, घरात भांडणं लागत्यात."

"लागायचीच हाईत, आत्याबाई."

आणि लागली. रोज फोन. ह्यांचं एकच पालुपद, "काय कमी हाय तुला?" या प्रश्नाची मला मनापासून चीड आहे. फ्रीज आहे, गाडी आहे, सोफा आहे, पोरं पुण्यात शिकतायत. आत्याबाईंचे गुडघे गेले म्हणून मी तिकडचा संसार सोडून इथं आले, आणि बारा महिने या बंगल्यात फरशी पुसत आणि टीव्ही बघत बसले. कमी काही नव्हतंच. दिवस उजाडायचा आणि मावळायचा, आणि मधे माझ्या हातून काही म्हणता काही व्हायचं नाही.

"शिवायचं तर वर शिव," ते म्हणाले. आणि खरंच एक नवी विजेवरची मशीन खोक्यात घालून पाठवली, पांढरी, बटणांची. "वरच्या खोलीत एसी लाव, निवांत हौस कर. पण लोकांची कापडं शिवायची न्हाईत. गलाईवाल्याची बायको दुसऱ्याची झंपरं शिवती म्हटल्यावर गावात काय अर्थ निघंल? दुकान बुडालं म्हणत्याल. झाकली मूठ सव्वा लाखाची असती."

"मूठ तुमची, आणि झाकून मी बसायचं व्हय?"

खोकं मी उघडलंच नाही. वरच्या खोलीत बसून काय करू? गल्लीतली बाई चप्पल काढून, ती आरशाची फरशी तुडवून, सोफ्याला वळसा घालून जिना चढून परकराचं माप द्यायला येणार आहे का? दारातूनच परत फिरेल. पोर्चमध्ये मात्र रानातून येता येता डोक्यावरचा भारा फाटकाला टेकवून बाया यायला लागल्या. कुणाचा ब्लाऊज ढिला करायचा, कुणाच्या साडीला फॉल, कुणाच्या नातीचा फ्रॉक. पैसे द्यायच्या, मी घ्यायची. वर कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला असायचा. मी मुद्दाम त्याच्याकडं तोंड करून बसायची.

ह्यांचा राग मला कळत नव्हता असं नाही. फार चांगला कळत होता, म्हणून तर माझा जास्त भडकत होता.

लग्न करून मी त्या मुलखात गेले तेव्हा ह्यांनी नुकतंच स्वतःचं दुकान टाकलेलं आणि गिऱ्हाईक येईना. दुकानाच्या मागं एक खोली, ॲसिडच्या वासानं भरलेली. ह्यांच्या सदऱ्यांना ॲसिडची बारीक बारीक भोकं पडायची, ती मी या मशीनवर रफू करायची. ते शेजारच्या बाईनं बघितलं. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तिनं परकराचं कापड पुढं केलं आणि कंबरेला हात लावून माप दाखवलं. त्या एका परकरावरून पूर्ण गल्लीचे परकर माझ्याकडं आले. परकराला घेर मोठा, शिलाई लांब, बॉबिन बघता बघता संपायची. मग मी पुढचं कापड कापायला बसले की हे मशीनवर बसायचे आणि मला बॉबिना भरून ठेवायचे. गलाईवाल्याचा हात, घट्ट आणि एकसारखी भरायचे. माझ्यापेक्षा चांगली, हे कबूल करते. दुकान चालायला लागेपर्यंत आम्ही नवरा-बायको त्या परकरांवर जेवलो.

पण हे सगळं दार लावून. आमच्या भागातली गलाईची माणसं त्या शहरातही होती, कुणी गाववाला आला तर बघेल म्हणून. उन्हाळ्यात त्या खोलीत जीव घुसमटायचा, तरी दार उघडायचं नाही. पुढं दुकान चाललं, बरकत आली, आणि मशीन गावाकडं येणाऱ्या ट्रकमध्ये घालून अडगळीत रवाना झाली. गरज सरो, वैद्य मरो. त्या लावलेल्या दाराचा मला आजही राग येतो. आम्ही चोरी केली नव्हती, शिवलं होतं.

चैतात गावची जत्रा. त्या वेळी देशभरातले गलाईवाले गावी येतात, गल्लीत निरनिराळ्या राज्यांच्या नंबरच्या गाड्या लागतात. ह्यांनी फोनवर निर्वाणीचं सांगितलं, "मी यायच्या आत ती मशीन हलली पायजे. न्हाईतर भंगारवाल्याला बोलवीन."

"बोलवा. मी बी तिच्यासंगं टेम्पोत बसते."

हे आले. मशीन जागेवर. माझ्याशी बोलले नाहीत, भंगारवालाही बोलावला नाही. पाहुणे जेवायला यायच्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते, तेवढ्यात ह्यांनी मशीनवर मखमली चादर टाकली, वर पाण्याचा जार ठेवला, शेजारी ग्लास मांडले. बाहेर येऊन बघते तर माझ्या मशीनचं पाण्याचं टेबल झालेलं. मी चुलीकडं परतले. पाहुण्यांचं ताट आधी, हे मलाही कळतं.

जेवणं झाली. गडी माणसं पोर्चमध्ये खुर्च्या टाकून सुपारी कातरत बसली. आणि माझी चुलत जाऊ, सुरतेला असते, ती हातात ब्लाऊज घेऊन माझ्याकडं आली. पालखीसाठी रेडिमेड आणलेला, घालायला गेली तर बाहीत हात जाईना. "वैनी, हितं कोन शिवतं का गं?"

मी जारापाशी गेले. ग्लास उचलून खिडकीत ठेवले, जार खाली ठेवला आणि चादर ओढली. सुपारीचा आवाज थांबला. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू भट्टीत घालतायत. मी बसले, बाही उसवली, नवी शिलाई घालायला घेतली.

चुलत दीर, त्या जावेचेच मालक, हसले. "काय रं गड्या, भट्टी थंड पडली का काय? वैनीला मशीनवर बसीवलंस."

"न्हाई रं," हे घाईनं म्हणाले. "हौस हाय तिला."

हौस. त्या खोलीतलं ते बंद दार, तो घाम, ते परकरांचे ढीग, आणि हा माणूस चारचौघांत म्हणतो हौस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पायडल जोरात हाणलं. आणि नेमकी त्याच वेळेला बॉबिन संपली. खालचा दोरा संपला की मशीन सांगत नाही, वरून सगळं चाललेलं दिसतं, सुई आपली नुसती भोकं पाडत जाते. वीतभर गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

मी थांबले. रिकामी बॉबिन काढली, उठले आणि खुर्च्यांच्या मधून जाऊन ती ह्यांच्यासमोर धरली.

"भरून द्या."

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. ह्यांचे कान लाल झाले. "आत चल, मग बघू," ते हळूच म्हणाले.

"आत न्हाई. हितंच. दार लावून लय भरल्यात तुमी." मी आवाज खाली केला नाही. "भावजी, भट्टी थंड हुती तवा आमी हिच्यावर जेवलोय. इचारा ह्यास्नी."

दिरांनी ह्यांच्याकडं बघितलं. हे जमिनीकडं. हात पुढं करून मला तेवढा वेळ कधीच कुठं उभं राहावं लागलं नव्हतं. नाही घेतली तर काय करायचं, ते मी ठरवलं नव्हतं. एवढं ठरलं होतं, की मशीन आत जाणार असेल तर मी त्या घरात पुन्हा पहिल्यासारखी बसणार नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "बायकोचा हात आवघाडलाय रं. घे की."

ह्यांनी बॉबिन घेतली. उठून स्टुलावर बसले. आणि मग काय झालं, ते सगळ्यांनी बघितलं. एका हातानं चाक धरून दुसऱ्यानं चकती सैल केली, दोरा कडीतून ओवला, वेढे दिले, खटका टेकवला, चिमटीतून दोरा सोडत पायडल मारलं. एकदाही खाली बघितलं नाही. नजर समोर फाटकाकडं, आणि हात आपले पाठ असल्यासारखे चाललेले. भरल्यावर दातानं दोरा तोडला, चकती घट्ट केली. पहिल्यांदा मशीनवर बसलेला माणूस असं करत नसतो, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. दिरांच्या हातातली सुपारी तशीच राहिली.

बॉबिन घट्ट, एकसारखी भरलेली. ती माझ्या तळहातावर ठेवत हे म्हणाले, "झालं तुझं समाधान?"

"न्हाई," मी म्हटलं, आणि हिरवं रीळ त्यांच्यापुढं धरलं. "ह्याची बी एक भरा. गल्लीतल्या पोरीचा परकर हाय."