पहिला नंबर देवाचा

बारावीनंतर राज्यातल्या सगळ्या कॉलेजांसाठी एकच ऑनलाइन अर्ज भरायचा असतो. हवी ती कॉलेजं पसंतीच्या क्रमानं लिहायची, वरून खाली बघत मार्कांत बसेल ते पहिलं कॉलेज मिळतं, खालची मग बघतच नाहीत. मी पंधरा दिवस खपून यादी केली होती, सगळ्यात वर बेंगळुरू. ऐनवेळी मला ताप आला, म्हणून माझे वडील, अप्पा, तो कागद घेऊन हुमनाबादच्या नेट सेंटरवर गेले.

जागा जाहीर झाल्या त्या दिवशी फोनवर कॉलेजचं नाव मी दोनदा वाचलं. गाणगापूरच्या वाटेवरचं एक लहानसं कॉलेज. माझ्या कागदावर ते नव्हतंच.

"अप्पा, हे कामून टाकलाव तुम्ही?"

अप्पा खुशीत होते. "पहिला नंबर देवाला ठेवलो. खाली समदी तुझीच हायत की."

आमच्या घरात तुरीची रास झाली की पहिली पायली गाणगापूरच्या दत्ताच्या नावानं बाजूला निघते, मग आपली मोजणी सुरू. अप्पांनी अर्जही तसाच भरला होता. पहिलीच पसंती मिळाली, म्हणून आता बदलही मागता येत नव्हता. मला ओरडायचं होतं.

अप्पांनी हळूच विचारलं, "मार्क कमी असते, तर हे मिळालं नसतं न्हवं?"

"न्हाई," मी म्हणाले.

मार्क इतके चांगले होते, की माझ्या यादीपर्यंत कुणाला यावंच लागलं नाही.