उंबऱ्याचा दगड

जळगावच्या कॉलेजात भूकंप शिकवायचा असला की मी पुस्तक मिटून ठेवते. टेबलावर सँडपेपर, त्यावर वीट, विटेला सायकलच्या ट्यूबची पट्टी. पट्टी हळूहळू ओढायची. वीट ढिम्म हलत नाही, पट्टी मात्र ताणली जाते. आणि एकदम वीट उडी मारल्यासारखी पुढे येते. मुलं हसतात. मी सांगते, जमिनीखालचे खडकही असेच एकमेकांना घट्ट धरून बसतात, ताण साठत राहतो आणि शेवटी पकड सुटते.

हे ज्ञान पाजळते मी, पण शिकले आबांकडून, माझ्या वडिलांकडून. धुळ्याजवळच्या आमच्या गावी ते दगड फोडायचे. काळ्या दगडात एका रेषेत भोकं पाडायची, प्रत्येकात लोखंडी पाचर ठोकायची आणि ओळीने सगळ्या पाचरींवर सारखा घाव घालायचा. आवाज बदलला की घण खाली ठेवून चहा प्यायचा. तेवढ्यात आतली भेग आपल्या चालीने पुढे सरकते आणि दगड आपसूक सरळ दुभंगतो.

मी जळगावातच पिंप्राळ्यात घर बांधलं तेव्हा आबांनी जाहीर केलं, "उंबराना दगड मीच फोडसू." तो त्यांचा शेवटचा दगड होता. बोटांना सारख्या मुंग्या यायच्या, घणाची पकड राहिली नव्हती. हातोडीने वाजवून वाजवून त्यांनी दगड निवडला. जुनी भेग असलेला दगड बद्द वाजतो; हा घंटेसारखा खणखणला. आबा केवढे खूश होते!

गावच्या घराच्या अंगणात पाचरी ठोकून झाल्या, आवाज बदलला. "आते हात लावू नको. दगडले त्यानं काम करू दे," म्हणत आबा चहा आणायला घरात गेले.

मला जळगावची बस गाठायची होती. घड्याळ बघून बघून जीव मेटाकुटीला आला. दगड जागचा हलेना. मी घण उचलला आणि कडेच्या पाचरीवर एकच घाव घातला.

दगड फुटला, पण तिरपा. अर्धा उंबरा गेला.

आबा कपबशी घेऊन दारात उभे होते. मला तोंड दाखवायची लाज वाटली. ते जवळ आले, फुटलेल्या बाजूवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुनी काई चूक नही, माय. दगडमाच जुनी भेग व्हती."

मी वाकून पाहिलं. जुन्या भेगेत पाणी मुरतं, तिथे तांबूस डाग धरतो. ही बाजू काळीभोर, कोरी करकरीत होती.

तोच वाकडा दगड मी हट्टाने दारात बसवून घेतला. मिस्तरी नाक मुरडत होता. रोज कॉलेजला निघताना त्यावर पाय पडतो. दगडाच्या बाबतीत आबा आयुष्यात तेवढं एकदाच खोटं बोलले.