आमटीतलं मीठ आणि नीतिशास्त्र

नोकरीतून लवकर मोकळं झाल्यावर माणसाने काहीतरी नवीन शिकावं, असं सगळेच म्हणतात. बायकोच्या मनात माझ्यासाठी पोहणं होतं. मी नीतिशास्त्राच्या प्राथमिक वर्गात नाव घातलं, कारण तिथे पोट आत ओढून उभं राहावं लागत नाही.

वर्ग बिबवेवाडीतच, घराजवळ. शिकवणाऱ्या बाई कॉलेजातून निवृत्त झालेल्या. आवाज मऊ, प्रश्न मात्र टोकदार. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पुढच्या वेळी आपापल्या घरातला एक नैतिक पेच घेऊन या."

"आमच्या घरात तसलं काही नाही," मी म्हणालो.

"आपण घरी जेवायला तरी असता ना?"

वर्ग हसला. मी घरी गेलो, जेवायला बसलो, आमटीचा पहिला भुरका मारला आणि पेच समोर आला.

हिवाळ्यात आईला मोठा ताप येऊन गेला होता. ताप गेला, तो जाताना तिच्या तोंडाची चव घेऊन गेला. तिला सगळंच फिकं लागायचं, आणि ती म्हणायची, "हल्ली डाळीतच दम नाही." मग स्वयंपाक करताना तिच्या हातून मीठ वाढायचं. आई दुपारी आडवी झाली की बायको आमटीत पाणी नि उकडलेला बटाटा घालायची. जेवताना आई विचारायची, "कशी झालीय रे?" आणि मी म्हणायचो, "झकास!" महिनोन् महिने हेच चाललं होतं. तापातून उठल्यावर ती पुन्हा उभी राहिली ती ओट्यापाशीच. तो ओटा कोण काढून घेणार?

त्यात माझ्या भाच्याचं लग्न ठरलं. तो आणि त्याची होणारी बायको केळवणाला येणार होते, आणि स्वयंपाक आपणच करणार असं आईने जाहीर केलं. आता तिला सांगायचं, की नाही?

बायकोला मी परिणामवाद समजावला. ज्या कृतीने जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं होतं, ती योग्य. म्हणजे आई खूश, आपण पाणी पिऊन घेऊ, एकूण भलंच.

"अहो, त्यात तुमचं ब्लडप्रेशर धरलंत का?" बायको म्हणाली. "आणि त्या पोरीसमोर आईंची काय शोभा होईल, ते?"

पुढच्या तासाला बाई कर्तव्यवादावर आल्या. परिणाम काहीही होवोत, काही गोष्टी करायच्याच नसतात. खोटं बोलताना विचारायचं, सगळ्यांनीच असं वागलं तर मला चालेल का? आणि समोरच्याला मी माणूस म्हणून वागवतोय, की नुसतं सांभाळतोय? हे दुसरं मला लागलं. आईला आम्ही कपाटातल्या काचेच्या भांड्यासारखं सांभाळत होतो.

सद्गुणवादाने मात्र मला उघडंच पाडलं. त्यात हिशेब नाही, नियम नाही. अंगात धीर आणि माया असलेला माणूस इथे काय करील, एवढाच प्रश्न. धीर म्हणजे भित्रेपणा आणि फटकळपणा यांच्या मधली जागा, असं बाई म्हणाल्या. आमच्या पुण्यात फटकळपणालाच प्रामाणिकपणा समजतात, त्यामुळे ती मधली जागा मी कधी नीट पाहिलेलीच नव्हती.

तरी एके दिवशी आईला सांगितलंच. आई मेथी निवडत होती. मी शेजारी बसून मदत करू लागलो.

"पानं ठेवायची, दांडे टाकायचे," आई म्हणाली. "उलटं करतोयस. काय झालंय?"

"आई, तुझ्या तोंडाची चव गेलीय. तापापासून. सगळं खारट होतंय."

तिचा हात थांबला. "तापापासून? आणि तुम्ही गप्प?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट वाटून घ्यायचं की नाही, ते माझं मी बघितलं असतं."

मी उठलो आणि दूध आणायच्या निमित्ताने चक्क बाहेर पडलो. दूध घरात होतं.

दुसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरात आलीच नाही. गॅलरीत बसून राहिली. बायकोने आमटी केली, मीठ अगदी बेताचं, आणि ती कुणालाच गेली नाही.

मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "सांगून झाल्यावर बसलात, की उठलात?"

"उठलो."

"मग अर्धंच झालं."

घरी येऊन गॅलरीत आईशेजारी बसलो. बराच वेळ खालची वाहनं बघितली. मग म्हणालो, "केळवणाची आमटी तूच कर. मी चाखून सांगतो."

"नैवेद्याच्या आधी? देवाला उष्टं दाखवू?" आमच्याकडे नैवेद्याआधी चाखायची पद्धत नाही. आई जन्मभर नुसत्या अंदाजाने मीठ घालत आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती विचार करत होती. शेवटी म्हणाली, "मीठ कमीच घालते. आधी देवाला दाखवू, मग तू चाख. कमी पडलं तर वरून घालता येतं."

"देवाला अळणी?"

"इतके महिने खारट खाल्लं त्याने. बोलला का काही?"

केळवणाच्या दिवशी भाचा हिंजवडीहून ट्रॅफिकला शिव्या देत आला. मुलगी नागपूरकडची, संकोचलेली. नैवेद्य झाला. आईने चमच्यात आमटी घेऊन फुंकर मारली आणि लहानपणी औषध द्यायची तशी माझ्या तोंडाशी धरली. माझं लक्ष चवीपेक्षा तिच्या हाताकडेच होतं. "थोडं घाल," मी म्हणालो. तिने घातलं. "आता?" "आता बरोबर."

पानं वाढली. पहिल्याच घासाला कळलं, चाखायला नेमलेला माणूसच कच्चा होता. तेवढ्यात समोरून आईने विचारलं, "कशी झालीय रे?"

भाच्याने पानात डोकं घातलं. बायको माझ्याकडे बघत होती. 'झकास' अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

"जरा अळणी आहे, आई."

आईने माझ्याकडे पाहिलं. "मग पानात मीठ शोभेला वाढलंय का? घे की."

"आजी, मीपण घेते थोडं," ती मुलगी हळूच म्हणाली.

"घे बाई, घे," आई म्हणाली आणि तिच्या वाटीत आणखी एक पळी आमटी वाढण्यासाठी उठली.